१९५० च्या सुमाराची हिऱ्याची अंगठी घेतली, तिचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ही अंगठी शोरूममधली नाही, हिला डबी नाही, सर्टिफिकेट नाही आणि आमच्या घरात हिच्यावरून अजून एकमत नाही. १८ कॅरेट पिवळं सोनं, वरचा भाग प्लॅटिनमचा, मधोमध एक हिरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बारीक हिरे, सगळं मिळून वजन ३.४ ग्रॅम. बोटात घालायला म्हणून पाचापैकी चार मार्क. गुंतवणूक म्हणून विचाराल तर दीड, तेही सोन्याचा भाव चढतोय म्हणून. जरा लांबलचक लिहितेय कारण जुन्या अंगठ्यांबद्दल आपल्याकडे कोणी काही लिहीतच नाही, नुसते फोटो टाकतात आणि खाली शंभर जणी 'प्राइस प्लीज'.

मिळाली कुठे, तर रत्नागिरीतच. इकडे बंदराच्या बाजूला अशी बरीच जुनी घरं आहेत ज्यांच्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर नोकरीला, त्यामुळे लिव्हरपूल, ॲडन, मोंबासा ही नावं तिथल्या आज्यांच्या तोंडी आपण लांजा-संगमेश्वर म्हणतो तशी सहज येतात. त्यातल्याच एका घरातली ही. मुलं आता दुबईला, सुनांना असलं काही नको, आणि आजींना ती आटवायची नव्हती. आमच्या सोनारकाकांनी गाठ घालून दिली. काकांनी ती दुकानातून विकली नाही हे नीट लक्षात घ्या, कारण हॉलमार्क आणि तो सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, असल्याशिवाय दुकानदाराला असा दागिना विकता येत नाही, १ एप्रिल २०२३ पासून तर हे कडकच झालंय, पण घरच्या माणसाला स्वतःचा बिनहॉलमार्कचा जुना दागिना विकायला अडचण नाही. म्हणून व्यवहार थेट आमच्यात झाला, पैसे बँकेतून, साध्या कागदावर वजन आणि वर्णन, सोबत फोटो, दोघींच्या सह्या. काकांनी फक्त तपासून दिली आणि नंतरचं काम केलं.

रत्नागिरीत जुन्या दागिन्याचा विषय निघाला की कोणीतरी थिबा राजाला, म्हणजे इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाला, मध्ये आणतंच. इथेही शेजारच्या वहिनींनी सुरू केलं, राजवाड्यातून निघालेली असेल हो, सांगता येत नाही. अहो थिबा वारला १९१६ ला आणि ह्या अंगठीचा घाट त्यानंतर तीस-चाळीस वर्षांचा, बिचाऱ्याला राहू द्या की सुखाने. आणि आजींचं वेगळंच, त्यांच्या मते मधला हिरा 'ब्लू जागर'. आपल्याकडे जुन्या बायका निळसर झाक असलेल्या पांढऱ्या हिऱ्याला असं म्हणतात, ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीवरून आलेलं, आणि ती खाण बंद होऊनही पन्नास वर्षं होऊन गेली. काकांनी हसून नोटा तपासायचा जांभळा दिवा काढला आणि त्याखाली धरली तर हिरा खरंच फिकट निळा उजळला. पण ते म्हणाले, वहिनी, असे निळे उजळणारे हिरे कुठल्याही खाणीत निघतात, आणि प्रत्येक घरातला हिरा ब्लू जागरच असतो. जुन्या वस्तू घेताना माझा एकच नियम आहे, गोष्ट ऐकायची, चहा प्यायचा, पण गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत.

मग वय कसं ठरवलं? आतल्या बाजूला दोन शिक्के आहेत, एक १८ सीटी आणि एक पीएलएटी, इंग्रजी अक्षरात, इतके झिजलेले की अंगठी तिरकी करून खिडकीच्या उजेडात धरली तरच वाचता येतात. इंग्लंडकडच्या जुन्या अंगठ्यांवर हे असे शिक्के अगदी कॉमन. तिकडचा पूर्ण हॉलमार्क असता तर त्यातल्या अक्षरावरून नेमकं सालच काढता आलं असतं, पण त्या काळात खडे बसवलेल्या बऱ्याच अंगठ्यांना तो लागतच नसे, त्यामुळे अंदाज घाटावरून. १९४० च्या दशकातल्या अंगठ्या बघितल्यात तर त्या जाडजूड आणि लालसर सोन्याच्या असतात, कारण महायुद्धात प्लॅटिनम लढाईच्या कामाला लागायचं, अमेरिकेने तर १९४२ मध्ये दागिन्यांत वापरायला बंदीच घातली होती. युद्धानंतर पांढरा धातू परत दिसायला लागला. आणि ६० च्या दशकात गेलात की झाडाच्या सालीसारखं खरबरीत सोनं, ओबडधोबड मोठे आकार. माझी ह्या दोन्हींच्या मधली, नाजूक पट्टी आणि वर इल्युजन सेटिंग.

इल्युजन सेटिंग म्हणजे काय तर हिऱ्याच्या भोवती पांढऱ्या धातूची छोटीशी तबकडी, आणि त्या तबकडीवरच हिऱ्यासारखे पैलू कोरलेले. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला हिरा कुठे संपला आणि धातू कुठे सुरू झाला ते कळतच नाही. मधला हिरा जेमतेम पावणेचार मिलिमीटरचा, म्हणजे साधारण २० सेंट (शंभर सेंटचा एक कॅरेट), पण तबकडीसकट सहा मिलिमीटरचा ऐवज वाटतो. आमच्या ह्यांनी लगेच, म्हणजे फसवणूकच की. असेल बाबा! पण त्या काळात पगारी माणसाला केवढा हिरा परवडणार होता, कारागिराने त्याच्या खिशाची लाज राखली, आणि ती राखताना हाताने एकेक पैलू इतका साफ कोरलाय की सत्तर वर्षांनी पण त्याच्यावर उजेड खेळतो. मला तर हिऱ्यापेक्षा ती तबकडीच जास्त आवडते, खरं सांगू का.

आता ह्यातली खरी मजा. काकांनी दहापटीचं भिंग हातात दिलं आणि म्हणाले, बाजूचे चार बघा, एक पाहुणा आहे त्यात. मी बराच वेळ बघितलं, काही कळेना. मग त्यांनी दाखवलं. तीन खडे एट-कट आहेत, म्हणजे वर एक सपाट टेबल, त्याच्याभोवती आठ पैलू आणि खाली आठ, झाले १७. जुन्या अंगठ्यांत बारीक हिरे असेच पाडलेले असतात. चौथा मात्र फुल कट, ५७ पैलूंचा. तिळाएवढ्या खड्यात काय फरक पडणार असं वाटतं ना, पण हात हलवला की तीन खडे शांतपणे एकदाच मोठं चमकतात आणि चौथा आपला सारखा लुकलुकत राहतो, एकदा ते दिसलं की डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. त्याला धरणाऱ्या नख्या पण नव्या, टोकं गोल, बाकीच्या घासून सपाट झालेल्या. जांभळ्या दिव्याखाली तो एकटा काळाच राहिला. म्हणजे मूळचा कधीतरी पडला आणि कोणीतरी नंतर दुसरा बसवला. मशीन लावलं तर हिरा म्हणून पास झाला, पण पाचही खडे मूळचे असा दावा करता येणार नव्हता आणि त्यावर मी किंमत थोडी खाली आणली. आजींनी पण कबूल केलं, हो, एकदा कोल्हापूरला दुरुस्तीला दिली होती बहुतेक.

त्या मशीनबद्दल एक सांगायला हवं. ते पेनसारखं असतं ना, खड्याला टेकवलं की टीं करतं, ते फक्त खड्यातून उष्णता किती पटकन जाते ते बघतं. झिरकॉन म्हणून आपल्याकडे जो विकतात तो अमेरिकन डायमंड तिथे लगेच पकडला जातो. पण मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा एक खडा, पास होऊ शकतो आणि लॅबमधला हिरा तर होणारच, तो रासायनिकदृष्ट्या हिराच आहे. म्हणून नुसत्या टीं वर विश्वास ठेवून पैसे देऊ नका. मोइसनाइट भिंगातून तिरका बघितला की मागच्या कडा दुहेरी दिसतात. आणि वयाचा पण उपयोग होतो, लॅबमध्ये हिरा पहिल्यांदा खात्रीने बनला तो डिसेंबर १९५४ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, आणि ते पण कारखान्यात घासायच्या कामाचे बारीक कण, दागिन्यात घालण्यासारखे नव्हेत. अमेरिकन डायमंड बाजारात आला १९७६ च्या सुमाराला. त्यामुळे खडा मूळचाच आहे ह्याची खात्री असेल तर अर्धी भीती तिथेच संपते, सगळा प्रश्न खडा बदललाय का एवढाच उरतो.

सोनं तपासायला मी कोल्हापूरला गेले, तसंही आंबा घाट चढून जायचंच होतं एका लग्नाच्या खरेदीला. हॉलमार्किंग सेंटरवर तुमचा-आमचा घरचा दागिना पण तपासून देतात, फी दोनेकशे रुपये आणि वर टॅक्स, लोकांना हे माहीतच नसतं, दुकानदार सांगेल ते कॅरेट खरं मानून येतात. पट्टीवर आकडा ७५ टक्क्यांच्या अगदी जवळ आला, म्हणजे १८ कॅरेट बरोबर, वर प्लॅटिनम दाखवलं. पण पट्टीच्या मागच्या बाजूला एका जागी आकडा चांगलाच खाली घसरला. तिथे जुना डाक, म्हणजे झाळून जोडलेला सांधा आहे, कोणीतरी कधीतरी माप बदललेलं. भिंगातून बघितलं तर केसाएवढी फिकट रेघ पण दिसते. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, जुन्या अंगठीला डाक असतोच, फक्त मशीन वरवरचा थर वाचतं त्यामुळे एकाच ठिकाणी बघून निकाल लावू नका, दोन-तीन जागी बघायला सांगा.

आता जरा तक्रार. आजींच्या घरच्यांनी आमच्याआधी ही अंगठी एका मोठ्या दुकानात दाखवली होती, नाव लिहीत नाही. तिथल्या पोराने न बघता म्हटलं मोडीत घालू, नवीन डिझाइन घ्या, हल्ली हे कोण घालतं. हिऱ्यांचे पैसे शून्य, कारण आमच्या सर्टिफिकेटचे नाहीत. आणि खड्याची वजावट म्हणून वजनातून अर्धा ग्रॅम कापला. आता हिशोब करा. हिऱ्याचा एक कॅरेट (सोन्याचा कॅरेट वेगळा) म्हणजे ०.२ ग्रॅम. हिचे पाचही हिरे मिळून पाव कॅरेट, म्हणजे ०.०५ ग्रॅम. कापले किती, ०.५. सरळ दहापट! आणि ज्याचे पैसे शून्य धरले तो हिरा वर परत पण मिळणार नव्हता. कोकणात किती जुन्या हिऱ्याच्या अंगठ्या आणि कुड्या अशा वजावटीत मुशीत गेल्या असतील देव जाणे. तुमच्या घरातला असा काही दागिना मोडायला काढलात तर निदान खडे काढून हातात द्या म्हणून सांगा, तो तुमचा हक्क आहे.

किंमत रुपयांत लिहीत नाही, सोन्याचा भाव बघता आठवड्याभरात आकडा शिळा होईल. गणित असं, सगळं वजन १८ कॅरेट सोनं धरून त्या दिवशीच्या भावाने जी रक्कम आली तिच्यावर साधारण चाळीस टक्के जास्त दिले. ते चाळीस टक्के हिऱ्यांचे, प्लॅटिनमचे आणि कामाचे. दुकानात नवीन घेतली असती तर मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी गेला असता, आणि अशी तबकडी कोरून देणारा माणूस मिळाला नसता ते वेगळंच. पण विकायला गेले तर हे चाळीस टक्के मला कोणी देणार नाही हे पण तितकंच खरं, दुकानं बायबॅक देतात ते स्वतःच्या बिलावर. म्हणूनच वर दीड मार्क.

सासूबाई मालवणच्या, त्यांनी अंगठी हातात घेतली, वजन केल्यासारखी दोनदा झेलली आणि म्हणाल्या, इतक्या पैशात माझी पाटली झाली असती गो. भाचीचं म्हणणं, ह्याच पैशात लॅबमधला चांगला टप्पोरा हिरा आला असता मामी. दोघी बरोबर आहेत. मी तरी काय उत्तर देणार. मला मोठा हिरा नको होता, मला ही हवी होती.

साइजचं काम काकांनी केलं आणि ह्यासाठी त्यांना पाचापैकी पाच. १२ वरून १४ नंबर करायची होती. जुनी डाकाची जागाच कापली, तिथे १८ कॅरेटचाच तुकडा घातला, २२ चा नाही, नाहीतर रंगाचा पट्टा दिसतो. तापवायच्या आधी हिऱ्यांवर बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप लावला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले हिरा म्हणजे शेवटी कोळशाचाच भाऊ, उघड्या ज्योतीत जास्त तापला तर वरून दुधाळ होतो, मग ते पॉलिश परत करायला सुरत गाठावी लागते. डाकाला टाकणखार, ज्योत तोंडाच्या फुंकणीने, मशीन बाजूला असूनसुद्धा. म्हणाले बारीक कामाला मला हाच अंदाज बरोबर येतो. दोन नख्या झिजलेल्या होत्या त्यांची टोकं भरून घेतली. पॉलिश मात्र मी मुद्दाम हलकंच करायला सांगितलं, जोरात पॉलिश मारलं की तबकडीवरचे कोरलेले पैलू आणि ते शिक्के, दोन्ही गुळगुळीत होणार आणि मग उरलं काय. वरचा भाग प्लॅटिनमचा असल्याने रोडियमच्या पांढऱ्या मुलाम्याचा प्रश्न नाही, व्हाइट गोल्डला दर थोड्या वर्षांनी तो द्यावा लागतो नाहीतर पिवळट दिसतं.

रोज घालते का, तर हो, आणि त्यातच तो एक मार्क गेला. इल्युजन सेटिंगच्या तबकडीत आणि हिऱ्यात बारीक फट असते आणि स्वयंपाकघर नावाचं सगळं प्रकरण त्या फटीत जाऊन बसतं. गणपतीत उकडीचे मोदक वळले, उकड सुकून त्या नख्यांच्या मागे सिमेंट झाली. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो, इतका की खाणीत हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले टेबल वापरायचे, दगड पाण्याबरोबर वाहून जायचे आणि हिरे चिकटून राहायचे. मग आपल्या घरी खोबरेल तेल, सुरमई तळल्याचा तवा, वरून हँड क्रीम, दोन दिवसांत हिरा असा मंद होतो की वाटतं काच बसवली की काय. उपाय सोपा आहे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, थोडा वेळ भिजत ठेवायची आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासायची, कारण घाण खालून असते. वाडग्यात करा, बेसिनमध्ये नको. टूथपेस्ट लावू नका, सोन्यावर ओरखडे येतात. नख्या ओढणीत अडकायला लागल्या की समजा एखादी उचलली गेली आहे, तशीच घालून फिरू नका, खडा पडेल.

खाऱ्या हवेचं विचाराल तर १८ कॅरेटला आणि प्लॅटिनमला आपल्या वाऱ्याने काही होत नाही, चांदी काळी पडते तसं नाही. पण भाट्याच्या समुद्रात उतरताना काढून ठेवा, गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी निसटते. आणि बाकीच्या सोन्याच्या डब्यात नका टाकू, हिरा बांगडीला चरे पाडतो.

आणखी एक, कारण दोघी-तिघींनी मला हेच विचारलं. घरात जुनी अंगठी आहे आणि सोनार म्हणतो १४ कॅरेटचीच आहे, म्हणजे आजोबांना फसवलं का? तसं नसतं हो. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, आणि १४ कॅरेटच्या वरचे नवीन दागिने करायलाच बंदी झाली. सोनार लोकांचे फार हाल झाले, काकांच्या वडिलांनी त्या काळात पेढी बंद ठेवून घड्याळं दुरुस्त केली. १९६६ मध्ये कॅरेटची अट सुटली, नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत होता. त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांतल्या लग्नाची, दिवाळसणाची अंगठी १४ कॅरेटची निघाली तर ती कायद्याने तशीच असायला हवी होती. उलट ती नख्यांना जास्त टिकते, सोनं कडक असतं.

काकांचं नाव इथे टाकत नाही, छोटी पेढी आहे, एकटेच बसतात आणि अशा अंगठ्या त्यांच्याकडे विकायला नसतातच, उगाच फोन करून लोक हैराण करतील. बाजारपेठेत फुंकणीवर काम करणारे जुने सोनार अजून आहेत, विचारत गेलात तर सापडतील. काम देताना वजन तुमच्यासमोर करायला सांगा, पावतीवर खडे किती ते लिहून घ्या आणि हिऱ्यावर लेप लावणार का ते आधी विचारा. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात नेऊ नका, तेव्हा नथींच्या दुरुस्तीतून कोणाला मान वर करायला वेळ नसतो, आणि दुपारी एक ते चार तर अजिबातच नको, कुलूप असतं.